सत्त्याण्णवचा गडी

टेबलटॉपवरून मोटारसायकल खाली आली आणि 'खट्ट' असा आवाज झाला. लोखंड लोखंडावर आपटल्याचा. मी शर्यतीच्या मैदानाच्या दोरीअलीकडे चहाचा कप घेऊन उभी होते. शेजारची दोन पोरं टाळ्या पिटत "पैलवान उडाला रे" म्हणून ओरडत होती.

टेबलटॉप म्हणजे मातीचा मोठा उंचवटा. एका अंगानं चढ, वर सपाटी, पलीकडे उतार. चढावरून जोरात आलेली गाडी हवेत जाते, सपाटी ओलांडते आणि पलीकडच्या उतारावर टेकते. टेकताना जो दणका बसतो तो गाडीच्या स्प्रिंगांनी गिळायचा असतो. पुढच्या चाकाच्या फोर्कमध्ये दोन स्प्रिंगा, मागे एक जाडजूड. त्या दबल्या पाहिजेत, पण पुरत्या दबता कामा नयेत. 'खट्ट' वाजलं म्हणजे त्यांच्यात दबायला काही उरलं नाही, आणि राहिलेला दणका माणसाच्या मनगटात, पाठीत, मानेत गेला.

मी गॅरेजवाल्याची मुलगी. उद्यमनगरात माझ्या वडिलांचं, आबांचं, गॅरेज होतं. शर्यतीच्या गाड्या दुरुस्तीला कोल्हापुरात कुणाकडे न्यायच्या, तर आमच्याकडे. मला रांगोळी धड येत नाही, पण गाडीच्या कुठल्या आवाजाला घाबरायचं ते चांगलं कळतं. आदल्या वर्षी साताऱ्याच्या एका मुलाच्या गाडीचा असाच आवाज मी ऐकला होता. पुढच्याच फेरीत गाडीनं त्याला हँडलवरून पुढे फेकलं. तो वाचला. बोलतो, हसतो, पण त्याला घास दुसऱ्यानं भरवावा लागतो. त्याची आई त्या दिवशी माझ्या शेजारीच उभी होती.

आणि आता टेबलटॉपवरून उडाला होता तो माझा नवरा.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आमच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती. हंबीर मूळचा कागलकडचा, लहानपणापासून तालमीत वाढलेला. खांदा गेला म्हणून कुस्ती सोडली, असं त्यानं मला बघायला आला तेव्हा सांगितलं होतं. लग्नानंतर सासऱ्याच्या गॅरेजात सहज म्हणून एका मातीवरच्या गाडीवर बसला आणि मग खाली उतरलाच नाही म्हणा ना. घरात गप्प गप्प असणारा हा माणूस गाडीवरून आला की फुटाण्यासारखा तडतडत बोलायचा. त्यामुळे मी कधी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याची पहिली मोठी शर्यत होती, स्थानिक खुल्या गटातली. शनिवारी दुपारी नुसता सराव चालला होता.

तो आमच्या तंबूशी आला, हेल्मेट काढलं. घामानं निथळत होता आणि हसत होता.

"बघितलीस का उडी?"

"बघितली. आवाज ऐकला का तुम्ही?"

"हेल्मेटात कसला आवाज ऐकू येतोय?"

मी खाली बसले. फोर्कच्या चकचकीत दांडीला आम्ही प्लॅस्टिकची एक केबल टाय बांधून ठेवतो. फोर्क दबला की ती खाली ढकलली जाते आणि तिथंच राहते, म्हणजे कुठवर दबला ते नंतर बघता येतं. खाली दोन बोटं जागा उरायला हवी. टाय पार तळाला जाऊन चाकाच्या आसाशी चिकटली होती. मी आबांना हाक मारली.

आबांनी चष्मा वर करून टाय बघितली, बोटानं चाचपली. "असं कसं हुईल? सत्त्याण्णव किलोच्या माणसाला हीच स्प्रिंग. मी सोत्ता निवडल्या."

त्यांनी निवडल्या होत्या हे खरं. गाडी आली तेव्हा तिच्यात होत्या त्या सत्तर किलोच्या माणसाच्या स्प्रिंगा. परदेशी गाड्या सगळ्या तशाच येतात, सडपातळ पोरांसाठी. आबांनी विचारलं होतं, "जावईबापू, वजन किती तुमचं?" आणि हंबीरनं क्षणभरही न थांबता सांगितलं होतं, "सत्त्याण्णव." त्यावर कपडे, बूट, कवच यांचा भार धरून आबांनी स्प्रिंगा घातल्या होत्या.

"परत मापून बघू," मी म्हटलं.

हे माप घ्यायला तिघं लागतात. एकानं हँडल धरून गाडी सरळ उभी ठेवायची. चालवणाऱ्यानं हेल्मेट, बूट, सगळं अंगावर घालून वर बसायचं. तिसऱ्यानं मागच्या चाकाच्या आसापासून वर मडगार्डपर्यंत टेप धरायचा. माणूस बसल्यावर गाडी मागून साधारण दहा सेंटिमीटर दबली, की स्प्रिंग त्याच्या वजनाला जुळली. आबांनी हँडल धरलं, हंबीर बसला, मी टेप लावला. दहाच्या वर जेमतेम एक रेघ.

"बघ," आबा म्हणाले. "बरोबर हाय. आवाज दगडाचा आला आसंल."

मी उठणारच होते. पण चाकाजवळ बसल्यामुळे माझं लक्ष हंबीरच्या बुटाकडे गेलं. टाच वर उचललेली होती आणि चवडा मातीत रुतला होता. दुसऱ्या बाजूला वाकून बघितलं, तिकडेही तसंच. मांड्या दगडासारख्या ताठरल्या होत्या आणि बारीक थरथरत होत्या. हजारो बैठका मारलेल्या त्या मांड्या. हा माणूस गाडीवर बसलाच नव्हता. तो चवड्यांवर अर्धा उभा होता आणि आमचा टेप फसवत होता.

 वजन कमी सांगणारे लोक मी पुष्कळ बघितले होते. पण ज्या गाडीवर उद्या आपला जीव टांगायचा, तिच्या मापात कुणी लबाडी करतं?

"पाय उचलून वर फूटरेस्टवर ठेवा," मी म्हटलं.

"ठेवलेत की."

"न्हाई ठेवलेले."

आबांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. हंबीर गाडीवरून उतरला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "आबांनी बरोबर म्हटलंय, झालं की मग," आणि तोंड धुवायला टाकीकडे गेला.

तो लांब गेल्यावर मी आबांना सगळं सांगितलं. आबा टेप गुंडाळत राहिले.

"ते म्हणत्यात सत्त्याण्णव, तर सत्त्याण्णव."

"तुम्ही काट्यावर बघितलंत?"

"जावयाला काट्यावर उभा करू? काय बोलतीस निला? पावण्यारावळ्यांत तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का मला?"

"काट्यावर उभा केलेला जावई बरा, का खाटंवर पडलेला?"

आबांनी टेप खिशात घातला. मग हळूच म्हणाले, "पेटीत आणखी दोन जोड हाईत. एक एकशे पाचच्या माणसाचा, एक एकशे पंधराचा. पण उगं कडक घालून चालत न्हाई, पोरी. माणसाच्या मानानं कडक झाली की गाडी दाबतच न्हाई, चेंडूगत टप्पा घेती. तीबी फेकून देती. मला आकडा पायजे. अंदाज नको."

आकडा आणायचा कुठून? मी आठवून बघितलं. तीन वर्षांत मी हंबीरला एकदाही काट्यावर उभा राहिलेला बघितला नव्हता. डॉक्टरांकडे गेला की "वजन राहू दे" म्हणायचा. स्टेशनवरच्या लाल दिव्यांच्या मशीनवर मी हौसेनं चढले होते, तर तो लांब जाऊन उभा राहिला होता. तेव्हा मला हसू आलं होतं.

संध्याकाळी गाडी पिकअपमध्ये घालून आबा गॅरेजकडे गेले. मी हंबीरला म्हटलं, "मार्केट यार्डातनं जाऊ. आईनं गुळाची ढेप सांगितलीय." तो सरळ मनाचा माणूस, लगेच चल म्हणाला. माझ्या मावसभावाची तिथं गुळाची अडत होती. मी आधीच फोन करून त्याला चहाला पिटाळलं होतं, आणि शटर अर्धं उघडं ठेवायला सांगितलं होतं.

आत कुणी नव्हतं. भिंतीशी ढेपांच्या थप्प्या, सगळीकडे गुळाचा गोड, किंचित आंबूस वास, आणि मधोमध ढेपा तोलायचा काटा. रुंद लोखंडी फळी, समोर खांबावर लाल आकडे. हंबीर शटरखालून वाकून आत आला, ताठ झाला आणि काटा बघून जागीच थांबला.

"फसवून आणलंस मला."

"व्हय."

"मी चढणार न्हाई."

"का?"

"सांगितलंय की सत्त्याण्णव."

"शेवटचं कधी भरला होता सत्त्याण्णव?"

 तो दाराकडे वळला. मी शटरला आडवी उभी राहिले. एवढा धिप्पाड तो गडी, मला एका हातानं उचलून बाजूला ठेवू शकला असता. पण ठेवलं नाही. एका रिकाम्या पोत्यावर बसला आणि हात मांड्यांमध्ये धरून खाली बघत राहिला.

"मी खोटं बोललो न्हाई," तो म्हणाला. "माझा गट सत्त्याण्णवचा हाय."

"गट न्हाई, वजन विचारतोय आम्ही."

"पैलवानाला वजन विचारलं की तो गटच सांगतो. मला कुणी झोपेतनं उठवून विचारलं तरी मी सत्त्याण्णवच म्हणणार. आम्ही सगळे तसंच सांगतो."

मग माझ्या ध्यानात आलं. कुस्तीतला माणूस त्या आकड्यावर राहत नसतो. एरवी तो चार-सहा किलो वरच असतो, आणि वजनाच्या दिवशी सकाळी उपाशीतापाशी राहून, घाम काढून, तेवढ्यापुरता त्या आकड्यावर येतो. हंबीर तो एका सकाळचा आकडा नाव-गाव सांगावं तसा सांगत होता. आणि कुस्ती सोडून मधे चार वर्षं गेली होती, माझ्या हातच्या जेवणाची धरून.

"मग मापताना चवड्यांवर का उभे राहिलात?" मी विचारलं. "तो तर काटा नव्हता."

"तू टेप घेऊन खाली बसलीस की माझं पायच आपोआप ताठलं. मला कळलंबी न्हाई आधी. कळल्यावर सोडवंना."

"एवढं काय आहे त्यात? शंभर भरा न्हाईतर दीडशे. मी काय माहेरी जाणार आहे?"

 बाहेरून एक ट्रक गेला. मग तो म्हणाला, "खांदा गेला म्हणून कुस्ती सोडली असं सांगितलं होतं ना मी तुला? खांदा नंतर गेला."

आणि त्यानं सांगितलं. राज्याच्या निवड चाचणीचं वजन होतं. दोन दिवस पाणी नाही, अंगावर घोंगडी घेऊन पळणं, तोंडातली थुंकीसुद्धा गिळायची नाही. डोक्यावरचे केस काढले, नखं काढली. सकाळी लंगोटावर काट्यावर उभा राहिला आणि काटा थोडासा पुढे गेला. पंचांनी आकडा मोठ्यानं वाचला. परत घेतला, तोच भरला. वस्ताद समोरच उभे होते, नऊ वर्षांचा असल्यापासून ज्यांनी याला स्वतःच्या ताटातलं घालून वाढवलं ते. ते एक अक्षर बोलले नाहीत. खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि निघून गेले, एकटेच, एसटीनं गावाकडे.

"आणि मी तसाच वर उभा. मला उतरायचंबी सुचंना. मागनं एकजण म्हणाला, उतर की लेका, आमची वजनं व्हायचीत." त्यानं हातानं तोंड पुसलं. "त्या टेबलटॉपला मी भीत न्हाई निला. खरंच न्हाई. ह्याला भितो. हस तू खुशाल."

मी हसले नाही. मला त्याची दया आली आणि त्याच वेळी भयंकर रागही आला.

"मला भ्या वाटतंय," मी म्हटलं. "दुपारपास्नं वाटतंय. उद्या ती गाडी परत तशी खट्ट करणार आणि तुम्हाला फेकणार. मी तुमच्या तोंडात घास घालीन, आयुष्यभर घालीन, माझं काय न्हाई. पण त्या साताऱ्याच्या पोराची आई कशी झाली ते मी बघितलंय. तुम्ही बघितलं न्हाई. त्यो वस्ताद गेला निघून, मी कुठं जाऊ?"

 मग मला एक सुचलं.

"दोघं एकदम चढू."

"म्हंजे?"

"मीबी चढते तुमच्यासंगं. आकडा येईल तो दोघांचा. त्यात तुमचे किती, माझे किती, तुम्हाला कळणारच न्हाई. माझं वजन मी तुम्हाला कधी सांगितलंय?"

"न्हाई."

"सांगणारबी न्हाई."

"पण तुला कळंल की."

"मला कळू दे. मी बायको हाय, पंच न्हवं."

तो उठला. चपला काढल्या, का ते देव जाणे, सवयीनं काढल्या असाव्यात. फळीवर पाय ठेवला आणि डोळे घट्ट मिटले. मी त्याच्या पुढ्यात चढले. तेवढ्याशा जागेत त्याच्या छातीला पाठ टेकूनच उभं राहावं लागलं. त्याचं काळीज धडधडत होतं ते माझ्या पाठीला कळत होतं. त्यानं श्वास रोखून धरला होता.

"श्वास सोडा. त्यानं काय कमी होत न्हाई."

त्यानं सोडला. लाल आकडे पळापळ करून थांबले. एकशे त्र्याहत्तर. माझे एकोणसाठ वजा केले. एकशे चौदा. सतरा किलो जास्त घेऊन हा माणूस दुपारी त्या उंचवट्यावरून उडाला होता.

"उतरू?" त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

"उतरा."

आकडा त्यानं विचारला नाही. मी बाहेर जाऊन आबांना फोनवर सांगितला. तिकडून त्यांनी आकडा एकदा परत म्हणून बघितला. मग "बरं," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गॅरेजात आबांनी पत्र्याच्या पेटीतून एकशे पंधराचा जोड काढला. जावयाला एक शब्द विचारला नाही, फक्त "जावईबापू, जरा बॅटरी धरा" म्हणाले. पुढचा फोर्क उघडला, तेल काढलं, नव्या स्प्रिंगा घातल्या, मग मागची बदलली. काम संपल्यावर मी टेप घेऊन खाली बसले. हंबीर वर बसला, आणि कुणी न सांगता त्यानं दोन्ही पाय उचलून फूटरेस्टवर ठेवले. मांड्या सैल होत्या. माप दहाच्या आसपास आलं. आबांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

सकाळी मैदानावर जायला निघताना मी गेल्या दिवाळीत शिवलेल्या पंजाबी ड्रेसची सलवार घातली, आणि नाडीला गाठ मारायला गेले. नाडी पुरत नव्हती. मी दुसरी सलवार घेऊन आरशासमोर उभी राहिले. एकोणसाठ. हे एकोणसाठ कधीचे? स्टेशनवरच्या मशीनचे, हंबीर लांब उभा राहिला होता तेव्हाचे. त्यानंतर दोन पावसाळे गेले होते. कुणीही वजन विचारलं की मी एकोणसाठच सांगत आले होते. काल संध्याकाळी काट्यावर उभी राहून, डोक्यात हिशेब करतानासुद्धा, मीही माझा गटच सांगितला होता.

मी चार किलोंनी वाढले असले तर तो चारनं कमी. मग स्प्रिंगा कडक. किती कडक म्हणजे धोक्याच्या, ते मला सांगता येईना. मागची आम्ही टेपनं मापली होती, पण पुढच्या फोर्कचं माप तसं नीट घेता येत नाही. पुढच्या स्प्रिंगा निवडतात त्या वजनाच्या भरवशावर. आणि ते वजन मी दिलं होतं.

आबा आणि हंबीर पहाटेच पुढे गेले होते आणि फोन कुणी उचलत नव्हतं. मी मैदानावर पोचले तोवर गाड्या सुरुवातीच्या फाटकाशी लागल्या होत्या. मी आबांचा हात धरला.

"आबा, माझं वजन एकोणसाठ न्हाई."

"काय?"

"काट्यावर दोघं चढलो होतो. माझं धरलेलं चुकलंय. ते एकशे चौदा नसतील."

आबांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. "मग किती?"

"ठाऊक न्हाई."

आबा दोरी ओलांडून फाटकाकडे जायला निघाले, तेवढ्यात फाटक पडलं आणि सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. धुळीत मला कुणीच दिसेना. आबा मधेच उभे राहिले. एका पोरानं त्यांना दंडाला धरून मागे आणलं.

टेबलटॉप पहिल्या फेरीच्या शेवटाकडे होता. एक एक गाडी वर येत होती, पलीकडे पडत होती. निळी, पिवळी, परत निळी. मी मोजायचं सोडून दिलं. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं आणि मिटत नव्हते. देवाचं नाव घ्यायला गेले तर कुठलाच देव आठवेना. मग चढावर तो दिसला. बाकीच्यांहून रुंद, ओळखायला नको. गाडीनं जमीन सोडली. वर ती फार वेळ राहिली असं मला वाटलं, इतका वेळ की आता ही खाली येणारच नाही.

आली. 'धप्प' असा जाड, बसका आवाज झाला. गाडी खोल दबली, सावकाश वर आली आणि सरळ पुढे गेली. टप्पा घेतला नाही. फेकलं नाही. मी मातीत खाली बसले, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या लोकांच्या पायांमधून बघितल्या. दर फेरीला तीच भीती पुन्हा नव्यानं वाटायची. शर्यत संपली तेव्हा तो सातवा होता. कितवा हे मला कुणीतरी नंतर सांगितलं.

तो तंबूत आला तेव्हा मी रडत होते. त्याला वाटलं आनंदानं.

"गाडी कसली मऊ बसली निला. गादीवर उतरल्यागत."

"मी चुकले होते," मी म्हटलं, आणि नाडीपासून सगळं सांगून टाकलं. आबांनी मान फिरवली. माझं म्हणणं ऐकता ऐकता हंबीरच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग तो हळूहळू हसायला लागला. एवढा मोठा माणूस गदगदा हसत होता आणि त्याला थांबता येत नव्हतं.

"म्हंजे तुलाबी ठाऊक न्हाई, मी किती?"

"न्हाई."

"मग चल."

"कुठं?"

"यार्डात."

आबा म्हणाले, बक्षिसं तर होऊ द्या. पण तो थांबला नाही. बूट आणि छातीचं कवच तेवढं काढून ठेवलं, धुळीनं माखलेल्या कपड्यांनिशी मला मागे बसवून मोटारसायकल काढली.

रविवार, सौदे बंद. पण मावसभावाचा एक ट्रक भरत होता आणि पाच-सहा हमाल काट्याभोवती होते. एकजण ढेप काट्यावर ठेवायचा, एकजण आकडा ओरडायचा. तिकडची रीतच आहे ती, म्हणजे देणारा-घेणारा दोघांनाही ऐकू जावं. मला वाटलं, माणसं बघून हंबीर मागे फिरेल. तो सरळ आत गेला.

"दादा, एक मिनिट थांबता काय?" तो हमालाला म्हणाला. "मला वजन करायचंय. वाचा, पण मोठ्यानं वाचा."

हमालानं त्याला वरखाली बघितलं. "पैलवान का तुम्ही?"

"होतो."

तो काट्यावर चढला. एकटा. या वेळी डोळे उघडे होते, समोरच्या लाल आकड्यांवर. मी शटरशी उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत होते. त्याचे खांदे वर गेलेले, हाताच्या मुठी वळलेल्या. आकडे थांबले.

"एकशे अकराऽ," हमाल ओरडला.

 हंबीर जरा वेळ तसाच उभा राहिला. कुणी त्याला उतर म्हटलं नाही. मग त्यानं त्या फळीवरच पाय फाकवून मांडीवर थाप मारली आणि शड्डू ठोकला. त्या ढेपांच्या खोलीत तो केवढा घुमला. हमाल खुशीत हसले, एकानं "भले पैलवान" म्हटलं. त्यांना ती गंमत वाटली. हंबीर माझ्याकडे वळला तेव्हा त्याच्या गालांवरच्या धुळीतून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

तो खाली उतरला आणि माझ्यापुढे हात केला. "ये."

"मी कशाला? तुमचं कळलं की आता. माझं वजा करून येतंय."

"तसं नको. तूबी चढ. एकटी."

हमाल बाजूला झाले. आकडे ओरडणारा माणूस खांबाला टेकून, तोंड उघडायच्या तयारीत माझ्याकडे बघत होता. आदल्या संध्याकाळी याच जागेवर, एवढं काय आहे त्यात, असं मी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं. मी शटरची कड धरून उभी राहिले, आणि पाय काही केल्या उचलेना.